वाक्य घरातलं हवं

“तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही,” रणजितदादा मला म्हणाला. “ताप आहे तिला अजून. स्टेजवर जायचं, पाठ केलंय ते म्हणायचं, खाली उतरायचं. कळलं का?”

“कळलं,” मी म्हटलं. ताप आलेल्या माणसाशी बोलू नये असं याला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं, हे मात्र मनातच ठेवलं.

हेमा त्याच्या मागं उभी होती. नवा कोरा पंजाबी ड्रेस, केसांत अबोलीचा गजरा, पावडर अशी थापलेली की नाटकात राणीचं काम करणाऱ्या पोरीनंही लाजावं. पंधरवडाभर ती शाळेत आली नव्हती. मी दोनदा तिच्या घरी गेले, तर दादानं दोन्ही वेळा मला ओसरीवरनंच परतवलं होतं. आता ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि माझ्याकडं बघतही नव्हती. दादानं तिचं मनगट सोडलेलं नव्हतं.

पडदा म्हणजे शाळेच्या दोन सतरंज्या, तारेला अडकवलेल्या. पलीकडं सगळा बोरथळ गाव मांडवात जमलेला. दुपारची वेळ, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पोरं पुढं मातीत. हायस्कूलचं स्नेहसंमेलन होतं आणि आमची जुगलबंदी हा त्यातला सगळ्यात मानाचा कार्यक्रम. इंग्रजी वाक्प्रचारांची जुगलबंदी! मी वाक्प्रचार पुकारायचा, त्याचा मराठी अर्थ सांगायचा आणि हेमानं तिथल्या तिथं इंग्रजीत वाक्य करायचं. गावाला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दहावीच्या पोरी फाडफाड इंग्रजी बोलतात ह्याचं कौतुक मोठं. त्यातून हेमा म्हणजे तात्या खराड्यांची लेक. तात्या हायस्कूलचे चेअरमन, आणि आमची खोपी ज्यांच्या बांधावर होती ते मालकही तेच. माझी आई त्यांच्याच रानात रोजानं जायची.

आता नीलिमावहिनींचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

वहिनी म्हणजे रणजितदादाची बायको. नांदेडकडची, बी. ए. झालेली, तेही इंग्रजी घेऊन. लग्न ठरवताना दादा बी. कॉम. आहे म्हणून सांगितलं होतं. दादा दहावीलाच दोनदा आपटलेला, हे तिला हळद फिटल्यावर कळलं. पण बाई हसरी. संध्याकाळी आई रानातनं सुटेपर्यंत मी आणि हेमा तिच्या चुलीपाशी बसायचो. वहिनी भाकरी थापता थापता एकेक वाक्प्रचार फेकायच्या.

“छाया! टु मेक बोथ एंड्स मीट!”

“हातातोंडाची गाठ घालणे,” मी म्हणायची.

“वाक्य?”

मी गाइडमधलं वाक्य ठोकून द्यायची, मिस्टर रॉबर्ट कुड नॉट मेक बोथ एंड्स मीट. वहिनी कपाळाला पिठाचा हात लावायच्या. “हा रॉबर्ट कोण गं? तुझा मामा का? अगं, वाक्य घरातलं हवं. आपल्या घरात काय घडतं, कोण कुणाला काय म्हणतं, ते इंग्रजीत सांग. नाहीतर ती भाषा कसली, ते नुसतं पाठांतर.”

मग मी बिचकत म्हटलं होतं, माय मदर कॅनॉट मेक बोथ एंड्स मीट. वहिनी तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या आणि म्हणाल्या, “आता तुला इंग्रजी येतं.” दोन वर्षं हे चाललं होतं. आमचे इंग्रजीचे कोरे सर तोंडानं काहीही म्हणोत, त्या जुगलबंदीतला शब्द न् शब्द वहिनींचा होता.

दिवाळीनंतर वहिनींना मिरजेच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. कुणालाही न सांगता त्यांनी अर्ज केला होता. सोमवारी हजर व्हायचं, असं त्यांनी आम्हाला आनंदानं सांगितलं. सोमवारी मी चुलीपाशी गेले तर तिथं हेमाची आई भाकरी करत होती. सगळं घर त्यांना अक्का म्हणायचं. “वहिनी माहेरी गेली, आई आजारी आहे तिची,” असं तात्यांनी परस्पर सांगून टाकलं. अक्कांनी मान वर केली नाही.

मला ते पटलं नाही. वहिनींचा चष्मा तिथंच फळीवर होता. चष्म्याशिवाय त्या बाईला समोर म्हैस आहे की माणूस ते कळायचं नाही, ती नांदेडला कशी जाईल? मी आईला म्हटलं, तर ती माझ्यावरच खेकसली. “मोठ्या घरातल्या गोष्टी. तू तुझा अभ्यास बघ.” हेमाला विचारावं, तर थोड्याच दिवसांत हेमाही शाळेत यायची बंद झाली. मला रात्रंदिवस एकच घोर लागला, वहिनी गेल्या कुठं? आम्हाला न सांगता त्या पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. त्यांना काही झालं तर नसेल ना, या विचारानं घास गिळवत नव्हता.

तर आम्ही स्टेजवर गेलो. टाळ्या पडल्या. पुढं खुर्च्यांवर तात्या फेटा बांधून बसलेले, शेजारी तालुक्याहून आलेल्या पाहुण्या, शिक्षण खात्यातल्या सोहनी मॅडम. डाव्या हाताला सतरंजीआड रणजितदादा उभा, उजव्या हाताला कोरे सर.

मी माइकपाशी गेले. “सेकंड टु नन! म्हणजे कुणापेक्षाही कमी नसणे!”

“अवर व्हिलेज इज सेकंड टु नन,” हेमा म्हणाली. आवाज खणखणीत. ताप कसला आलाय डोंबलाचा! सरांनी ठरवून दिलेलं हेच वाक्य होतं. टाळ्या.

“अंडर लॉक अँड की! म्हणजे कडीकुलपात!”

आमचे दागिने कडीकुलपात असतात, असं वाक्य ठरलेलं होतं. हेमानं समोर बघितलं, बापाच्या फेट्याकडं बघितलं आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, “माय सिस्टर-इन-लॉ इज अंडर लॉक अँड की.”

माझी वहिनी कडीकुलपात आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यांनी मॅडमकडं झुकून काहीतरी सांगितलं, बहुतेक ‘आमची लेक’ असं. मॅडम हसल्या. दादानं सतरंजीआडून अंगठा वर करून शाबासकी दिली. मला वाटलं, मला ऐकू येतंय ते हिनं म्हटलंच नाही. पण हेमा माझ्याकडं बघत होती, पहिल्यांदाच, आणि तिचे डोळे सांगत होते, पुढं चल.

“क्रोकोडाइल टिअर्स,” मी म्हटलं. ठरलेलं पुढचं तेच होतं. “म्हणजे खोटं खोटं रडणे.”

“आमच्या सासूबाईंचं सांग गं!” बायकांतनं कुणीतरी ओरडलं. मांडव हसला.

“माय ब्रदर शेड क्रोकोडाइल टिअर्स बिफोर हर मदर,” हेमा म्हणाली. “ही सेड शी रॅन अवे.”

म्हणजे दादा नांदेडला जाऊन आला होता. तुमची मुलगी पळून गेली, असं त्या बिचाऱ्या आईला रडून सांगून आला होता. आणि तो तिथं, माझ्यापासून चार पावलांवर, बहिणीचं कौतुक बघत उभा होता! पुन्हा टाळ्या. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि मला तिथंच बसकण मारावीशी वाटत होती.

कोरे सरांना मात्र कळलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते मला हातानं खुणा करायला लागले, बास, बास, संपवा. आणि मला काय झालं कोण जाणे, भीती पळाली आणि संताप आला. या माणसाला कळलंय आणि हा मला गप्प बसवतोय! पुढचा ठरलेला वाक्प्रचार मी सोडून दिला. मला एकच विचारायचं होतं, वहिनी आहेत कुठं? ते मराठीत विचारता येत नव्हतं. मी डोकं खाजवलं आणि सापडलं.

“अ स्टोन्स थ्रो!” मी ओरडलेच. “म्हणजे हाकेच्या अंतरावर!”

हेमाला क्षणभर कळेना. मग कळलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “शी इज अ स्टोन्स थ्रो फ्रॉम अवर वेल. इन द ओल्ड जॅगरी हाउस.”

आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. जुन्या गुऱ्हाळघरात. बंद पडलेलं ते गुऱ्हाळ मला माहीत होतं, मागं गूळ ठेवायची एक खोली, तिला खिडकी नाही. टाळ्या पडल्या.

“टु स्टँड ऑन वन्स ओन फीट! स्वतःच्या पायावर उभं राहणे!”

“शी वॉन्टेड टु स्टँड ऑन हर ओन फीट,” हेमा म्हणाली. “दॅट इज ऑल.”

हा वाक्प्रचार सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळं या टाळ्या सगळ्यात मोठ्या. तात्यासुद्धा हात वर करून वाजवत होते.

“बाय हुक ऑर बाय क्रुक! काहीही करून!”

“सेव्ह हर टुडे, बाय हुक ऑर बाय क्रुक,” हेमा म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. “टुमॉरो दे विल टेक हर अवे.”

उद्या तिला इथून हलवणार होते. कुठं, ते तिलाही माहीत नसावं. एवढ्यात कोरे सर हसत हसत स्टेजवर आले आणि त्यांनी माझ्या हातातनं माइकच काढून घेतला. “वा, वा! आता बक्षीस समारंभ!”

माझी सगळी आशा सोहनी मॅडमवर होती. एवढी शिकलेली बाई, तिला कळलंच असणार. मॅडम उठल्या, स्टेजवर आल्या, आमच्या दोघींच्या पाठीवर थोपटलं. माइकवर म्हणाल्या, “मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते. काळ, क्रियापदं, उच्चार, कुठं म्हणजे कुठं चूक नाही! निर्दोष इंग्रजी!” मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. चुका शोधत बसली होती ती बाई! पोरगी काय सांगतेय, इकडं तिचं लक्षच नव्हतं. शाळेतलं इंग्रजी वाक्य खरंही असू शकतं, हे तिच्या गावीच नव्हतं.

पहिलं बक्षीस आम्हालाच. करंडक द्यायला खुद्द तात्या वर आले. रुबाबात फेटा सावरला, करंडक हेमाच्या हातात दिला, आणि खुशीत माइक घेतला.

“पोरींनी नाव काढलं. पण आम्हा अडाण्यांनाही कळू दे की! माझी लेक एवढं फाडफाड बोलली, टाळ्या पडल्या, पण बोलली काय? छाया, तू सांग बघू मराठीत.”

“तात्या, उशीर होतोय,” कोरे सर घाईनं म्हणाले. “नाटकातली पोरं तोंड रंगवून बसलीत.”

“बसू द्या हो! लेक काय बोलली, ते बापाला कळायला नको?” आणि तात्यांनी माइक माझ्या हातात दिला.

खाली बायकांत आई बसली होती. आमची खोपी, आईचा रोजगार, आमची शेळी ज्या बांधावर चरायची तो बांध, सगळं या माणसाचं. मी तोंड उघडलं की त्यातलं काही राहणार नव्हतं. मी हेमाकडं बघितलं. ती करंडक पोटाशी धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, बोल, बोल.

मी बोलले. “हेमा म्हणाली, माझी वहिनी कडीकुलपात आहे. ती पळून गेली असं माझा भाऊ तिच्या आईला खोटं रडून सांगून आला. ती आमच्या विहिरीजवळच्या जुन्या गुऱ्हाळघरात आहे. तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, एवढंच. आज काहीही करून तिला सोडवा, उद्या ते तिला हलवणार आहेत.”

आता मांडवात हलकल्लोळ होणार, असं मला वाटलं होतं. बायका तोंडावर हात ठेवतील, पुरुष उठून उभे राहतील, कुणीतरी किंचाळेल.

कुणीही हललं नाही. कुणी ‘अगं बाई’ सुद्धा म्हणालं नाही. पुरुषांनी माना खाली घातल्या. बायकांनी पदर पुढं ओढले. एक म्हातारी मातीत बोटानं रेघा ओढत राहिली. त्या एवढ्या मोठ्या मांडवात दचकलेली माणसं दोनच, सोहनी मॅडम आणि मी. मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडं एकटक बघत होती, आणि तिच्या तोंडावर नवल नव्हतं. काल काय स्वयंपाक केला ते ऐकावं, तसं तिनं ऐकलं होतं.

“काय म्हणालीस तू?” मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज पार बदलला होता. “तात्यासाहेब, हे काय आहे?”

तात्या हसले. हसणं जमलं नाही. “पोरी आहेत, मॅडम. नाटकाचं वेड.”

“असेल. पण गुऱ्हाळघर बघून येऊ आपण.”

“तिथं काय बघणार? मोडकं छप्पर आणि उंदीर. कुलूप लावलंय, किल्लीसुद्धा कुठं पडलीय देव जाणे.”

“किल्ली माझ्याकडं आहे,” बायकांतनं आवाज आला. अक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. ही बाई नवऱ्यासमोर एवढ्या मोठ्यानं बोललेली मी जन्मात ऐकली नव्हती. “मीच रोज भाकरी देऊन येते तिथं. चला बाई, दाखवते.”

रणजितदादा सतरंजी बाजूला करून धावला, पण तोवर बायका उठल्या होत्या. कुणी त्याला अडवलं नाही. नुसत्या उठल्या आणि अक्कांच्या मागं चालायला लागल्या, आणि त्या गर्दीतनं त्याला पुढं जाता येईना. तात्या स्टेजवरच राहिले.

कुलूप उघडलं तेव्हा मी पुढंच होते. आतनं कुबट, गोडसर वास आला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. उन्हानं त्यांचे डोळे मिटत होते, अंगावरची साडी दिवाळीतलीच होती, मनगटं काटकुळी झाली होती. चष्मा नाही, त्यामुळं त्यांना आम्ही कोण ते दिसेना. एवढ्या बायका समोर बघून त्या मागं सरकल्या. मग हेमा ओरडली, “वहिनी!” आणि त्यांच्या गळ्यातच पडली. दोघी खाली बसल्या, तशाच, मातीत. एके दिवशी अक्कांच्या मागोमाग जाऊन हेमानं ते दार शोधलं होतं, आणि सापडली म्हणून तिलाही घरात डांबलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बापाला लेकीचा करंडक मिरवायचा होता, म्हणून त्या दिवशी तिला बाहेर काढलं.

सोहनी मॅडमनी दोघींना जीपमध्ये घातलं आणि थेट पोलीस चौकी गाठली. अक्काही गेल्या, जबाब द्यायला. पुढं काय काय झालं ते लांबण लावत नाही. वहिनी मिरजेच्या शाळेत हजर झाल्या, हेमानं तिथूनच दहावी दिली. आम्हाला बांध सोडावा लागला, तो आठवड्याच्या आत.

पण त्या दिवसाचं एक राहिलं.

जीप गेली आणि बायका आपापल्या वाटेनं पांगल्या. आई आणि मी बांधावरनं घरी निघालो, ती पुढं, मी मागं.

“आई, तुला ठाऊक होतं?”

ती चालत राहिली.

“बोल की!”

“पहिल्या दिवसापासनं,” ती म्हणाली. “गुऱ्हाळाशेजारच्या वावरात हरभरा भांगलतोय न्हवं आम्ही. सगळ्याजणींना ठाऊक होतं. हाका मारायची ती.”

“काय म्हणायची?”

“आधी दार उघडा म्हणायची. मग नांदेडला कळवा म्हणायची. मग मागायचंच सोडलं तिनं.” आई थांबली, पण मागं वळली नाही. “एकदा माझा आवाज ओळखला. आतनं म्हणाली, छायाच्या आई, तुम्हीच का? छाया पाठ करतीय ना?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? मुकादम उभा होता. मी मान हलवली.”

आई पुन्हा चालायला लागली.

“तिला दाराआडनं कुठलं दिसायला,” आई म्हणाली. “तिनं परत इचारलं. मी परत मान हलवली.”